चुन्याची पोती

बोनिफेस कासोंदेला प्रिस्काचा नवरा होऊन बरीच वर्षं झाली होती. पोरं शाळेत जायला लागली होती. तरी सासुरवाडीत त्याचं पान अजून अंगणातल्या आंब्याखालीच मांडलं जायचं. सासू समोरून आली की तो वाट सोडून मान खाली घालायचा, आणि तीसुद्धा चितेंगेच्या छापील कापडाचा पदर तोंडावर ओढून वळून जायची. यात भांडण काही नव्हतं, रीतच होती. जावयाला रीतसर घरात घेईपर्यंत त्याने सासूच्या तोंडाकडे बघायचं नाही, तिच्या चुलीपाशी जायचं नाही, तिनेही त्याच्याशी थेट बोलायचं नाही. मात्र त्याच्या मागून लग्न झालेले जावई कधीच आत घेतले गेले होते.

का, ते कुणी बोलून दाखवत नसे. सासरा गेला तेव्हा बोनिफेस खाणीच्या गावात कुठल्याशा गुत्त्यात पडून होता. माती झाल्यावर दुसऱ्या दिवशी उगवला, तोही रिकाम्या हाताने. सासूने तेव्हा ब्र काढला नाही, फक्त जेवण आंब्याखाली पाठवलं, आणि ते तसंच चालू राहिलं. मेहुणा क्रिस्पिन तेवढा चिडवायचा. "दाजी," म्हणायचा, "आंब्याच्या मुळीला आता तुमच्या बुडाचा आकार आलाय. दुसऱ्या कुणाला बसताच येत नाही तिथे."

बोनिफेस हसायचा, पण ते त्याला लागायचं. पुढे त्याने दारू सोडली, खाणीवर कायमची नोकरी धरली. नोकरी फार मोठी नव्हती, पण जबाबदारीची होती. जुन्या खाणीतून काढलेल्या टाकाऊ दगडमातीचा तिथे डोंगर झालेला होता. त्या दगडात गंधक होता. हवापाणी लागलं की तो आतून सडायचा आणि पायथ्याशी आंबट पाणी झिरपायचं. हात घातला तर चुरचुरणारं, लोखंडी पाइप महिन्या-दोन महिन्यांत खाऊन टाकणारं. ते सगळं पाणी एका चरात गोळा होऊन बोनिफेसच्या खोलीपाशी यायचं. तिथे एका मोठ्या टाकीत तो चुना कालवायचा, पांढरं दुधासारखं पाणी चरात सोडायचा, कागदाची पट्टी बुडवून बघायचा. पट्टी हिरवट झाली की फाटक उघडून पाणी ओढ्याला सोडायचं. लाल-नारिंगी राहिली तर नाही सोडायचं. काम एवढंच. तोच ओढा पुढे वळसे घेत सासूच्या गावाला जात होता.

सासूला गावात सगळे बाना प्रिस्का म्हणत, म्हणजे प्रिस्काची आई. नवरा गेल्यावर तिने आणखी दोन विधवा बायकांना धरून ओढ्याच्या काठी तळी खणली होती, एकाखाली एक, चार. ओढ्यातून पाट काढून पाणी आणलं, चिलापी माशाची पिल्लं सोडली. पहिल्या वर्षी पाणकावळ्यांनी निम्मे मासे नेले. मग बायका आळीपाळीने डबे वाजवत काठावर बसू लागल्या. आता त्या तळ्यांवर तिन्ही घरं चालत होती.

उन्हाळ्यात प्रिस्का माहेरहून आली ती सांगत आली, चर्चच्या भिंतींचे पोपडे पडलेत, आई बायकांना घेऊन माती लिंपतेय, पण रंगाचं काही जमत नाही. बोनिफेसच्या खोलीत त्या वेळी चुन्याच्या पोत्यांची थप्पी छताला टेकली होती. पाऊस नव्हता, चर जवळजवळ कोरडा होता, थप्पी हलत नव्हती. तो म्हणाला, खाणीने जुना माल काढून टाकायला सांगितलाय, चर्चला देऊ. खाणीने असं काही सांगितलं नव्हतं. मित्राच्या पिकअपमध्ये टाकून त्याने पोती नेली.

चर्च पांढरंशुभ्र झालं. पुढच्या रविवारी पाद्रीबाबांनी त्याचं नाव घेतलं आणि बायकांनी जिभा नाचवत अशी ललकारी दिली की बोनिफेसच्या अंगावर काटा आला. त्याच्यासाठी असं कुणी कधी ओरडलं नव्हतं. त्यानंतर त्याला थांबताच येईना. सासूच्या मक्याच्या जमिनीला चुना हवा होता, तिथली मातीच आंबट. त्याने नेऊन दिला. मुखियाच्या घराला दिला. शाळेच्या मास्तरने मागितला, त्यालाही दिला. एक कवडी त्याने कुणाकडून घेतली नाही, आणि म्हणूनच चोरी हा शब्द त्याच्या मनात आला नाही. नोव्हेंबरात पाऊस सुरू व्हायच्या आत नवा ट्रक येणार होता. तोवर थप्पी खाली गेली तर कुणाच्या लक्षात येणार होतं?

मग क्रिस्पिन निरोप घेऊन आला. आईने ठरवलंय, फेब्रुवारीत जावयाला घरात घ्यायचं. "दाजी, आंब्याला निरोप द्या आता," तो म्हणाला, आणि बोनिफेसने तोंड फिरवून डोळे पुसले.

ट्रक काही आला नाही. सरहद्दीवरच्या पुलापाशी गाड्या अडकल्यात असं वरून कळलं. बोनिफेस होता तो चुना पुरवून पुरवून वापरू लागला. सुरुवातीचा पाऊस बेताचा झाला, निभावलं. मग जानेवारीत पावसाने डोळे वटारले, आठवडेच्या आठवडे ऊन पडलं, मक्याची पानं सुरळी होऊ लागली. त्या उन्हात ढिगावर पिवळी-पांढरी भुकटी फुटून आली होती. तो क्षार म्हणजे सुकलेलं आंबटच, हे बोनिफेसला शिकवलेलं होतं.

आणि मग एका दुपारी आभाळ फाटलं. चर तांबडा होऊन धावत आला. बोनिफेसने उरलेली पोती टाकीत रिकामी केली. पट्टी बुडवली तर नारिंगी. पोती झटकून पीठ गोळा केलं, खोलीची जमीन झाडून त्यातही घातलं. पट्टी नारिंगीच.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं होतं. फाटक बंद ठेवायचं आणि सुपरवायझर न्यिरेंडाला फोन करायचा. तो पंप पाठवून पाणी जुन्या खड्ड्यात वळवायचा. एका फोनचं काम. पण न्यिरेंडा स्वतः आला असता, रिकामी खोली बघून त्याने विचारलं असतं, बाकीची पोती कुठायत? बोनिफेसने फोन काढला, नंबरही लावला आणि वाजायच्या आत बंद केला. इतका पाऊस आहे, त्याने स्वतःला सांगितलं, ओढा भरून वाहतोय, पातळ होऊन जाईल. त्याने फाटक उघडलं. पाणी गेलं. पट्टी त्याने चिखलात तुडवली.

दुसऱ्या सकाळी क्रिस्पिनचा फोन आला. आवाजात चेष्टा नव्हती. मासे वर आलेत म्हणाला, तोंडं उघडून उभे राहिल्यासारखे. खेकडे तळ्यातून बाहेर पडून मक्यात चाललेत. दाजी, तुम्ही पाण्यातले माहीतगार, तुम्ही या.

बोनिफेस मिनीबसने गेला. तळ्यांपाशी गाव जमलं होतं. त्याने आयुष्यात इतकं स्वच्छ पाणी बघितलं नव्हतं. एरवी मातकट हिरवी असणारी तळी तळापर्यंत दिसत होती. तळाचा चिखल, बुडालेली काटकी, रिकामे शंख, सगळं काचेखाली ठेवल्यासारखं. आणि वर पांढरी पोटं करून चिलापी. पहिलं आणि दुसरं तळं संपलेलं होतं. तिसऱ्यात मासे वळवळत होते. चौथं, सगळ्यात खालचं, अजून धड होतं. त्यातले मासे पाट जिथून पडतो तिथून लांब, एका कोपऱ्यात दाटीने गोळा झाले होते.

सासू कमरेइतक्या पाण्यात उभी होती. टोपलीने मेलेले मासे काढत होती. इतक्या दिवसांच्या उन्हानंतर पाणी आलं म्हणून तिनेच काल पाटाचं तोंड मोठं केलं होतं, क्रिस्पिनने हळू आवाजात सांगितलं. सकाळी पाणी निवळलेलं बघून ती खूश झाली होती.

बोनिफेसने एक मासा उचलून कल्ला वर केला. आत लाल नव्हतं, पांढरट शेंबडासारखा थर होता. त्याला सगळं कळलं. आंबटाने गाळ तळाशी बसवला होता आणि कल्ले जाळले होते. आता काय केलं पाहिजे हेही त्याला ठाऊक होतं. पाट बुजवायचा आणि खालच्या दोन तळ्यांत ताबडतोब चुना फेकायचा. चुना तिथेच होता. सासूच्या कोठीत मक्यासाठी ठेवलेली पोती त्याला उघड्या दारातून दिसत होती. पण चुना फेका म्हटलं असतं तर कशासाठी, हे सांगावं लागलं असतं. आंबट कुठून आलं, काल फाटकावर कोण होतं, हे सगळं त्या एका शब्दामागून ओढलं गेलं असतं.

"पाट बुजवा," तो म्हणाला. "आणि मासे खाऊ नका. पुरून टाका."

एवढंच म्हणाला. संध्याकाळपर्यंत तो काठावर बसून राहिला. लोकांना वाटलं, जावई दुःखात आहे. त्याच्या डोळ्यांदेखत तिसरं तळं गेलं आणि दिवस मावळता मावळता चौथं.

गावात कालुबा नावाचा म्हातारा होता. ओढ्याच्या वरच्या अंगाला एका मोठ्या वारुळाशेजारी एकटाच राहायचा, सापळे लावून मासे धरायचा. फार वर्षांपूर्वी त्याला बुबाचा पाला कुटून पाण्यात टाकताना पकडलं होतं. त्या पाल्याने मासे गुंगून वर येतात. तेव्हा त्याने दंड भरला होता, पण लोक विसरले नव्हते. आता एकाने नाव काढलं, दुसऱ्याने त्याला परवा पाटाजवळ बघितलं होतं, तिसऱ्याला त्याचं बायकांच्या तळ्यांवरून कुरकुरणं आठवलं. मुखियाने सगळ्यांना झाडाखाली बोलावलं.

कालुबा काठी टेकत आला. "मी नाही केलं," एवढं एकदा म्हणाला. कुणीतरी मागून हसलं, तसा तो गप्प झाला.

मुखिया न्यायाने चालणारा माणूस होता. त्याने बोनिफेसकडे वळून विचारलं, "जावईबापू, तुम्ही खाणीवरचे. हे खाणीचं पाणी तर नसेल ना?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. म्हातारासुद्धा. बोनिफेस म्हणाला, "खाणीचं पाणी आम्ही चुना घालून सोडतो."

या वाक्यात खोटा शब्द एकही नव्हता. नंतर कित्येकदा त्याने ते मनात उलटंसुलटं करून पाहिलं, आणि दर वेळी त्याच्या कानशिलांतून वाफ निघाली. त्या वाक्याने कालुबाचा निकाल लागला. पोरांनी जाऊन त्याचे सापळे जाळले. मुखियाने त्याचा बोकड सोडवून आणला आणि चौकातून सगळ्यांसमोर नेऊन नुकसानीपोटी बाना प्रिस्काच्या दाराशी बांधला. म्हाताऱ्याचं तेवढंच जनावर होतं.

समारंभ पुढे ढकला, असं बोनिफेसने प्रिस्काकरवी कळवून बघितलं. कामाचं निमित्त सांगितलं, मग मुलाच्या तापाचं. सासूचा निरोप आला, मासे मेले म्हणून जावयाची रीत थांबत नाही, उलट आता घरात काही चांगलं व्हायला हवं. प्रिस्काने त्याचा लग्नातला सूट इस्त्री केला.

ठरल्या दिवशी त्याला आंब्याखालून उठवून घरात नेलं. नवी चटई, त्यावर तो, शेजारी प्रिस्का. समोरून बायका गात, डोक्यावर झाकलेली भांडी घेऊन वाकत वाकत आल्या. प्रिस्काची म्हातारी आत्या एकेक झाकण उघडून त्यात काय आहे ते सांगू लागली. मक्याच्या पिठाच्या न्शिमाचा पांढरा वाफाळता गोळा. भोपळ्याचा पाला दाण्याचं कूट घालून. घेवडा. अख्खी कोंबडी, तिचा कलेजी-पेठा वेगळा काढून, तो फक्त जावयाचा. मुन्कोयोचं, मक्याच्या आंबवलेल्या पेयाचं मडकं. मासा नव्हता. मग आत्याने सगळ्यात मोठं भांडं उघडलं.

"मासा वाढायचा होता जावयाला," ती म्हणाली, "पण तो नशिबात नव्हता. म्हणून हा बोकड. ज्याने मासा मारला, त्याच्याच गोठ्यातला आहे."

लोक हसले. चांगलं, खुशीचं हसू होतं ते. सासू पुढे झाली, गुडघे टेकून तिने त्याच्या हातावर पाणी घातलं आणि पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. "घ्या बाबा," ती म्हणाली. "तुम्ही आमच्या चर्चला उजळवलंत. आजपासून या घरातलं कुठलंही भांडं तुम्ही स्वतः उघडायचं."

त्याने वर पाहिलं. पाहणं भागच होतं, तीच रीत होती. बारीक, उन्हाने रापलेला चेहरा, एक डोळा जरा पाणावलेला. प्रिस्कासारखीच हनुवटी. इतकी वर्षं त्याने कल्पना केली होती की या चेहऱ्यावर राग असेल. राग कुठेच नव्हता. त्याने न्शिमाचा तुकडा मोडला, वळला, रश्शात बुडवला. हात तोंडापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. घास त्याच्या बोटांतून रश्शात पडला.

"आई," तो म्हणाला, "हे कालुबाने केलेलं नाही. मी केलंय."

प्रिस्काला वाटलं त्याला बरं वाटत नाहीये. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो बाजूला केला आणि सांगत गेला. जुना माल नव्हताच. थप्पी कशी उतरली. ट्रक. नारिंगी पट्टी. वाजायच्या आत बंद केलेला फोन. सांगताना त्याची मान इतकी खाली गेली होती की शेवटचे शब्द चटईलाच ऐकू गेले असतील. म्हणून आत्याने पुन्हा विचारलं, आणि त्याला ते पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. कोठीतल्या चुन्याने दोन तळी वाचली असती, हे त्याने सगळ्यांत शेवटी सांगितलं. ते सांगायला सगळ्यांत जड गेलं.

बाहेर पोरं खेळत होती.

सासू तशीच गुडघ्यांवर होती. "त्या दिवशी तुम्ही म्हणालात मासे पुरा," ती सावकाश म्हणाली. "बुबाने मेलेला मासा आम्ही खातो. पूर्वीपासून खातो. मला तेव्हाच खटकलं होतं. पण म्हटलं, हे शिकलेले, यांना जास्त कळत असेल."

तिने बोकडाच्या भांड्यावर झाकण ठेवलं. बाकीचं जेवण पोरांना वाढा म्हणाली, अन्न टाकायचं नाही. मग उभी राहिली. "तो चुना अजून कोठीत आहे. तळ्यांत किती टाकायचा ते माहीत आहे ना तुम्हाला? चला मग."

बोनिफेस सुटाची पँट गुडघ्यांपर्यंत गुंडाळून तळ्यात उतरला. क्रिस्पिन पोती आणून काठावर आपटत होता, त्याच्याकडे बघत नव्हता. बोनिफेस टोपल्याने चुना फेकत एका काठापासून दुसऱ्या काठाला जात होता. पाणी त्याच्या पायांभोवती पांढरं होत होतं. समारंभाला आलेल्या बायका नवी चितेंगे गुंडाळून काठावर रांगेने उभ्या होत्या. एकीनेही शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. प्रिस्का त्यांच्यात नव्हती. ती घरात बसून राहिली होती.

रात्री परत जाताना मिनीबसमध्ये ती एकदाच बोलली. "न्यिरेंडाला नाही, तर नाही. तुम्ही मला फोन केला असता तरी मी आईला पाट बंद करायला सांगितलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. तुम्ही मलासुद्धा नाही केलात." त्याला ते तेव्हा सुचलंच नव्हतं, आणि हे सांगणं आणखी वाईट होतं.

सोमवारी तो न्यिरेंडासमोर जाऊन उभा राहिला. नोकरी त्याच आठवड्यात गेली. खाणीची माणसं दोन गाड्या भरून गावात आली, पाण्याचे नमुने बाटल्यांत भरले, आणि मुखियाला म्हणाली की एका कामगाराच्या चोरीमुळे हे झालं, त्याला काढून टाकलंय, कंपनी माशांची पिल्लं देईल. क्रिस्पिनचं डोकं फिरलं. त्याने घरी येऊन बोनिफेसला सांगितलं, "दाजी, डोंगर त्यांचा, आंबट त्यांचं, ट्रक त्यांचा आला नाही. आणि सगळं तुमच्या एकट्याच्या डोक्यावर घालून मोकळे झाले. भांडा तुम्ही." त्यात खरं होतं. बोनिफेसने मुखियाच्या सभेत ते सांगितलंही, की तो ढीग आहे तोवर हे पुन्हा होऊ शकतं, एका खोलीवर आणि एका माणसावर सोडायची ही गोष्ट नाही. लोकांनी ऐकून घेतलं. पण त्याला स्वतःला त्याने हलकं वाटलं नाही. वाटून टाकलेली पोती त्या दुपारी खोलीत असती तर पाणी हिरवट पट्टीनेच गेलं असतं. हे दुसरं कुणी नाही तरी तो जाणत होता.

कालुबाकडे जायला त्याने महिना घालवला. मग एका सकाळी मक्यातून मागच्या वाटेने, कुणाला न दिसता, तो त्या वारुळापाशी गेला. म्हातारा कुदळीसाठी दांडा तासत होता. बोनिफेस जमिनीवर बसला, रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून नमस्कार केला, चूक कबूल केली, बोकडाची भरपाई करतो म्हणाला.

कालुबाने तासणं थांबवलं नाही. "माझा बोकड कुठून नेला?" त्याने विचारलं.

"चौकातून, आजोबा."

"सगळे होते?"

"होते."

"तू आज कुठून आलास?"

बोनिफेसने मागच्या वाटेकडे पाहिलं. म्हातारा दांड्यावरून बोट फिरवत राहिला. बोनिफेस उठून गेला.

त्याने शिवणाचं मशीन विकलं. ते प्रिस्काचं होतं. तिने हो म्हटलं, पण वर बघितलं नाही. बाजारातून काळा-पांढरा बोकड घेतला, मिनीबसच्या टपावर बांधून आणला आणि रविवारी, चर्च सुटायच्या वेळेला, तोच लग्नातला सूट घालून मोठ्या रस्त्याने गावात शिरला. बोकडाला परकं गाव आवडलं नाही. चौकाच्या मधोमध त्याने बूड टेकलं ते टेकलंच. बोनिफेस ओढत होता, बोकड ओरडत होता, चर्चमधून लोक बाहेर पडून उभे राहत होते. पोरं हसायला लागली, त्यांना कुणी गप्प केलं नाही. "चुनावाला," कुणीतरी म्हणालं, आणि ते नाव तिथल्या तिथे त्याला चिकटलं. मदतीला कुणी पुढे आलं नाही. त्याला कळत होतं की कुणी यायचं नाहीये. क्रिस्पिन एक पाऊल पुढे आला होता, पण आईने त्याच्या दंडाला हात लावला.

शेवटी बोनिफेसने बोकड उचलून खांद्यावर घेतला. बोकडाने सुटावर घाण केली. ती मानेवरून आत उतरत असताना तो तसाच चौक ओलांडून, शाळेवरून, मुखियाच्या घरावरून, ओढ्याच्या काठाने वर गेला. बरेचसे लोक अंतर ठेवून मागे आले.

कालुबा दारात उभा होता. त्याने बोकडाचं तोंड उघडून दात बघितले, कान ओढला, पाठीवर हात दाबला.

"माझा याच्यापेक्षा मोठा होता," तो मागच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला.

"हो आजोबा," बोनिफेस म्हणाला. "मोठा होता."

म्हाताऱ्याने दोरी घेतली. बोकड खांबाला बांधला, त्याच्यापुढे मक्याची ताटं टाकली. मग ओढ्याकडे हात करून त्याने विचारलं, याच्यात परत मासा येईल का. बोनिफेसला धीराचं काहीतरी बोलावंसं वाटलं. पण तो म्हणाला की आपल्याला माहीत नाही. दगडांवर आधी शेवाळ यायला हवं, मग गोगलगाई, त्याच्याही नंतर मासा, आणि तेही वरून पुन्हा तसं पाणी आलं नाही तर. कालुबाने ऐकून घेतलं. बस म्हणाला नाही, पाणीही विचारलं नाही. आत गेला आणि दार लोटून घेतलं.

मक्यातली मागची वाट तिथूनच फुटत होती, आणि त्या वाटेने बोनिफेस लगेच रस्त्याला लागला असता. तो वळून आला तसाच काठाने खाली निघाला. लोक अजून उभे होते. त्यांनी जाण्यापुरती वाट दिली.